झाईच्या गाडीतले आतोबा

सरकारने म्हाताऱ्या माणसांसाठी आजवर जेवढ्या म्हणून योजना काढल्या, त्या सगळ्या आमच्या आतोबांनी मिळवल्या आणि त्यांतली एकही ज्या कामासाठी काढली होती त्या कामाला वापरली नाही. माझ्या थोरल्या आत्याचे हे यजमान. डहाणूहून समुद्राच्या कडेने उत्तरेला निघालं की चिखल्याला त्यांची चिकूची लहानशी वाडी आहे, आणि तिथे गेलं की सरकारी मदतीचं काय काय होऊ शकतं ते बघायला मिळायचं. मेळाव्यात मिळालेली चार पायांची काठी केळीच्या घडाला टेकू म्हणून उभी असायची. चाकांच्या खुर्चीत आत्या बसायला तयार नव्हती, म्हणून तिच्यावरून चिकूचे क्रेट रस्त्यापर्यंत जायचे, आणि आतोबा त्या क्रेटना "बसा, बसा, पडाल" असं म्हणत खुर्ची ढकलायचे. मधे भोक असलेली कमोडची खुर्ची त्यांनी फळी ठोकून ओटीवर पाहुण्यांसाठी ठेवली होती. एकदा कसल्याशा पाहणीला आलेले साहेब तिच्यावर बसून "लाभार्थ्यांना साहित्य पोचलं का?" असं विचारत होते, तेव्हा आतोबांनी "आपण त्याच्यावरच विराजमान आहात" असं अत्यंत अदबीने सांगितलं होतं. कानाचं यंत्र तर त्यांना लागतच नव्हतं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला चिकू पडला तरी त्यांना ऐकू जायचं. पण कचेरीत जाताना ते यंत्र आठवणीने कानात घालून जायचे आणि समोरचा "उद्या या" म्हणाला की सावकाश काढून खिशात ठेवायचे. मग समोरच्याने कितीही ओरडून सांगितलं तरी हे आपले हसत बसलेले. मी तलासरीला शाळामास्तर आहे आणि माझी बायको तिथल्याच सरकारी कचेरीत कामाला आहे. तिला ते फोन करून विचारायचे, "सूनबाई, काय नवीन आलंय?" मासळीबाजारात विचारावं तसं.

चिकूच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला. चिकू झाडावर असताना पिकलाय की नाही हे वरून कळत नाही, नखाने जरासं खरवडून बघावं लागतं. आतून हिरवा दिसला तर कच्चा, बटाट्यासारखा पिवळसर दिसला तर उतरवायला हरकत नाही. ही सवय त्यांना इतकी लागली होती की माणसंही ते याच पद्धतीने तपासायचे. नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला एखादा बोचरा प्रश्न विचारायचा आणि आतला रंग बघायचा. माझ्या लग्नाआधी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी "मुलीला स्वयंपाक येतो का" असं विचारण्याऐवजी "तुम्हाला येतो का?" असं विचारलं होतं. सासरे गडबडले आणि "भात येतो" म्हणाले. आतोबा माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पिकलेला आहे, घेऊन टाक." कुणी पुढारी, कुणी साहेब घरी येऊन गेला की आम्ही विचारायचो, कसा वाटला? मग ते मान हलवत म्हणायचे, "वरनं तपकिरी रे, पण नख मारलं की हिरवागार."

आत्या मात्र या माणसाला उभ्या आयुष्यात कधी घाबरली नाही. हेच तिला घाबरून असायचे. त्यांचा सदरा कुठे आहे, चष्मा कुठे आहे, त्यांना भूक लागलीय की नाही, हे सगळं तिला माहीत असायचं आणि त्यांना नसायचं. म्हणून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली तेव्हा आधी गोंधळ उडाला तो आतोबांचा. मीठ दोनदा पडायला लागलं, मग पडेनासं झालं. ती शेजारणीला माझ्या आजीच्या नावाने हाक मारायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी या आजाराला औषध नाही, सांभाळायचं, असं सांगितलं तेव्हा आतोबांनी विचारलं, "कुणी?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही."

मग त्यांनी सांभाळलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, चहासुद्धा कधी स्वतः न गाळलेल्या माणसाने आत्याची वेणी घालायला शिकावं, हे आम्ही उघड्या तोंडाने बघत होतो. लुगडं नेसवायला त्यांना वाडीत कामाला येणाऱ्या लक्षीने शिकवलं. आत्या अंगाला हात लावू देत नव्हती, म्हणून यांनी आधी स्वतःला नेसून सराव केला. नेमका त्याच वेळी कुरियरवाला आला. हे निऱ्या हातात धरून ओटीवर आले, सही केली आणि त्याचा चेहरा बघून म्हणाले, "काय बघतोस? तुझी पण पाळी येईल." लक्षी त्या दिवसाची गोष्ट सांगताना आजही पदराने डोळे पुसते, हसून की कशाने ते मी तिला विचारत नाही. म्हाताऱ्यांच्या अडचणींसाठी एक फोन नंबर आहे, तोही यांनी आपल्या पद्धतीने वापरला. आत्या फार कावली की ते तो लावायचे आणि फोन तिच्या कानाला धरायचे. पलीकडून एखादी मुलगी गोड आवाजात "नमस्कार, बोला, मी आपली काय मदत करू?" म्हणायची आणि आत्या "कुठे होतीस गं इतके दिवस?" असं म्हणून तिच्याशी बोलत बसायची. तिकडच्या पोरी बिचाऱ्या चांगल्या होत्या. "जेवलीस का?" असं आत्याने विचारलं तर खरं काय ते सांगायच्या.

पण दुपार कलली की कशाचाच इलाज चालायचा नाही. आत्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मला घरी जायचंय." हे घरच आहे असं सांगितलं की रडायची, अडवलं की ओरडायची, कडी लावली तर दारावर डोकं आपटायची. एकदा आतोबांच्या हातावर ओरखडे काढले होते तिने. ते आम्हाला "चिकूची फांदी लागली" असं सांगत होते. घर म्हणजे तिचं झाईचं माहेर असावं असं आम्हाला वाटायचं. ते घर कधीच विकलं गेलं, तिथे आता मुंबईच्या लोकांना उतरायला खोल्या बांधल्यात. आणि एके दिवशी डहाणूच्या दवाखान्यातून एसटीने परत येताना आतोबांना शोध लागला. त्यांना डुलकी लागली, चिखले मागे पडलं, आणि डोळे उघडले तर गाडी थेट शेवटच्या थांब्याला, झाईला पोचलेली आणि आत्या खिडकीशी शांत बसलेली. गाडीत ती घरी जायचंय असं म्हणत नव्हती, कारण ती घरीच निघालेली होती. शेवटचा थांबा आला की ती बाहेर बघायची, ओळखीचं काहीच दिसायचं नाही, मग ती म्हणायची, "चला आता, घरी जाऊ." आणि गाडी तर वळून निघायलाच उभी असायची. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना सरकारी गाडीत तिकीट नाही. देवदर्शनाला जावं, दवाखान्यात जावं, लेकीबाळींना भेटावं म्हणून कुणा भल्या माणसाने ही सवलत काढली असेल. आमच्या आतोबांनी तिचा दवाखानाच केला.

तेव्हापासून रोज दुपारी चिखल्याच्या थांब्यावर हे जोडपं उभं असायचं, आधार कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घालून शाळकरी पोरांसारखी गळ्यात अडकवलेली. झाईला जायचं, परत डहाणूला यायचं, पुन्हा झाई, आणि तिला पेंग यायला लागली की चिखल्याला उतरायचं. फुकट बसायचं आतोबांच्या जिवावर यायचं, म्हणून ते कंडक्टरला रोज एक चिकू द्यायचे. "आज खाऊ नको, चीक लागेल. तांदळात ठेव, उद्या खा." आत्याला मात्र तिकीट लागायचं. मशीनमधून शून्य रुपयांचं जे तिकीट निघतं ते ती मुठीत घट्ट धरून बसायची आणि शेजारी बसलेल्या आतोबांकडे संशयाने बघायची, कारण एव्हाना ती त्यांना विसरली होती. सगळ्यांना विसरली होती तसंच, पण हे मात्र आम्हाला जड गेलं. ती कंडक्टरला बोलावून सांगायची, "हा माणूस रोज माझ्याच शेजारी येऊन बसतो." कंडक्टर गंभीर चेहऱ्याने आतोबांना विचारायचा, "काय हो काका?" आणि आतोबा म्हणायचे, "ताई, दुसरीकडे जागा नाही हो. बोर्डीला रिकामी झाली की उठतो." तिला तेवढं पुरायचं. बोर्डी येईपर्यंत ती तक्रार विसरलेली असायची. झाईच्या कोळणी मागच्या बाकांवरून हसायच्या, मी एकदा त्या गाडीत होतो तेव्हा मला हसू आलं नाही. आतोबा म्हणाले, "तोंड कशाला पाडतोस? जन्मभर मला गृहीत धरलं तिने. आता रोज बघते तरी."

आणि मग तो बीडकडचा नवा कंडक्टर आला. नेमकं त्या दिवशी गाडीत ओळखीचं कुणी नव्हतं, सगळे बोर्डीच्या समुद्रावर आलेले पाहुणे. आत्याने नेहमीची तक्रार केली आणि पोरगा खवळला.

"ओ आजोबा, उठा तिथून. या वयात बाईमाणसाला तरास देता व्हय?"

"अरे बाबा, बायको आहे माझी."

"आजी, हे तुमचे मालक हायत का?"

"माझे मालक?" आत्या म्हणाली, "माझे मालक वाडीत आहेत. चिकू उतरवतायत. हा कोण आहे मला माहीत नाही. उतरवा त्याला."

आतोबांनी दोघांची कार्डं पुढे केली. आडनाव एकच होतं, पण कंडक्टर म्हणाला, या पट्ट्यात निम्म्या गाडीचं आडनाव एकच असतंय. त्यात पाहुण्यांपैकी दोघं-तिघं उठून उभे राहिले, आवाज चढले, आत्या घाबरून थरथरायला लागली. ते बघितल्यावर आतोबा मुकाट्याने खाली उतरले. बोर्डीच्या पुढे, सुरूच्या झाडांपाशी, जिथे थांबा असा नाहीच, तिथे त्यांना सोडून गाडी निघाली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि चार पावलं गाडी पुढे जाते न जाते तोच आत्या खिडकीतून मागे वळून बघायला लागली. "अरे, तो माणूस राहिला," ती म्हणाली. "थांबव रे. माणूस राहिला मागे." झाई येईपर्यंत ती रडत होती, आणि तो पोरगा घामाघूम झाला होता. झाईला चहावाल्याने त्याला काय ते सांगितलं तेव्हा त्याने गाडी तिथेच थांबवून धरली. थोड्या वेळाने आतोबा आले ते मासळीच्या टेम्पोत, मागे, रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून. गाडीत चढले, तर आत्याने शेजारच्या जागेवर हात आपटला आणि म्हणाली, "आला का? बस इथे." कंडक्टर पाया पडला. आतोबांनी टोपल्यांचा वास लागलेल्या खिशातून चिकू काढून त्याला दिला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकट्या बाईकडे लक्ष ठेवणारा एक तरी माणूस आहे या गाड्यांवर. पिकलेला आहेस." मला मात्र फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "ती स्वतःहून बस म्हणाली रे. लग्नात पण म्हणाली नव्हती."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं तर मी ही गोष्ट हसतखेळत संपवली असती. पण आत्याला गाडीच्या पायरीवर चढवताना मागून उचलावं लागायचं, आणि उचलून उचलून आतोबांना हर्निया झाला. डॉक्टरांनी सांगितलं, साधं ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होईल, थोडे दिवस राहावं लागेल आणि नंतर महिनाभर काही उचलायचं नाही. तारीख मिळाली, हे गेले नाहीत. पुन्हा मिळाली, पुन्हा नाही. कारण एकच. तेवढे दिवस आत्यापाशी बसणार कोण?

त्यांची एकुलती एक मुलगी सुरतेला असते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला कूस बदलायलाही हीच लागते. ती फोनवर रडायची आणि आतोबा तिलाच समजवायचे की तू तुझं बघ. लक्षी सकाळचं बघायची, पण तलासरीकडच्या डोंगरातल्या तिच्या पाड्यावर तिची आंधळी सासू असायची. "माझे घरी पन डोकरी हाय ना शेठ," ती म्हणायची, "संध्याकाळची तिला कोन बघल?" म्हाताऱ्यांसाठी एक चांगला आश्रम आहे म्हणून आतोबा चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, आम्ही हिंडतीफिरती, भान असलेली माणसं घेतो. आतोबा म्हणाले, "हिंडतीफिरती, भान असलेली माणसं मला पण चालतील. दोन द्या." आम्ही आत्याला तलासरीला आणून पाहिलं. पहिल्याच दिवशी, माझी बायको भाजी चिरत असताना, ती घरी जायला म्हणून निघाली ती हायवेवर ट्रकच्या रांगेत सापडली. शेवटी असं ठरलं की मे महिन्याच्या सुट्टीत मी चिखल्याला जाऊन राहायचं आणि तेव्हा ऑपरेशन करून घ्यायचं. आतोबा म्हणाले, "ठीक आहे. आतड्याला सांगतो, शाळा सुरू आहे."

त्या हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिकांचा एक मेळावा होता. आत्याला घेऊनच ते गेले, मीही होतो. भाषणं झाली, हार झाले, आणि मग टेबलामागे बसलेल्या तरुण साहेबाने यांना जवळ बोलावलं.

"बोला काका, काय हवंय? काठी, चष्मा, कानाचं यंत्र?"

"माणूस," आतोबा म्हणाले.

"म्हणजे?"

"माणूस हो. दोन हात, दोन पाय. जरा गोड बोलणारा असला तर बरं. मी ऑपरेशनला दवाखान्यात पडेन तेवढे दिवस बायकोपाशी बसायला."

साहेबाने आत्याकडे पाहिलं. ती तिकीट कुठे मिळतं असं विचारत होती. तो हसला नाही, कंटाळला नाही. त्याने खरोखरच समोरचे कागद उलटेपालटे केले, शेजारच्याला विचारलं, आणि खाली बघत म्हणाला, "काका, वस्तू आहेत. योजनेत माणूस नाही."

आतोबांनी कानातलं यंत्र काढायला हात वर नेला, पण काढलं नाही. पहिल्यांदाच नाही काढलं. "बरं," ते म्हणाले, "कमरेचा पट्टा आहे?"

"आहे की."

"द्या तो. पोटाला बांधतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला साहेब? म्हणाले, "पिकलेला आहे पोरगा. पण त्याच्या टोपलीत नाहीच, तर तो देईल कुठून?" आणि कमरेसाठी दिलेला तो पट्टा ते रोज पोटावर करकचून आवळून आत्याला उचलायला लागले. असा पट्टा हर्नियावर बांधू नका असं डॉक्टरांनीही सांगितलं, मीही भांडलो. त्यांनी दोघांचंही ऐकलं आणि बांधायचा तो बांधलाच.

मार्चमध्ये, माझ्या शाळेत परीक्षा चालू असताना, झाईच्या गाडीत त्यांच्या पोटात कळ आली. बीडचा कंडक्टर होता. त्याने नंतर मला सगळं सांगितलं. घोलवडच्या आसपास आतोबांचा चेहरा पांढरा पडला होता, अंगाला घाम सुटला होता, दोनदा उलटी झाली, तीही त्यांनी पिशवीत केली, आत्याला दिसू नये म्हणून तोंड फिरवून. कंडक्टर म्हणाला, काका, गाडी वळवतो. आतोबा म्हणाले, "झाईपर्यंत जाऊ दे रे. ती शांत आहे." पोराने ऐकलं नाही. ड्रायव्हरने गाडी तशीच उलटी फिरवली, प्रवाशांपैकी कुणी ब्र काढला नाही, आणि लाल गाडी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून त्यांना वापीला हलवलं. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तो पट्टा कात्रीने कापून बाजूला टाकलेला होता. आतडं अडकून आतल्या आत सडायला लागलं होतं. आतोबा शुद्धीवर होते. त्यांनी मला एकच विचारलं, "तिच्यापाशी कोण आहे?" मी सांगितलं, कंडक्टर बसलाय. ते म्हणाले, "मग ठीक." ऑपरेशन झालं, पण त्यातून ते उठले नाहीत.

त्यानंतरचं मला संतापाशिवाय सांगता येत नाही. ज्या माणसाला बायकोपाशी बसायला जिवंतपणी एक माणूस मिळाला नाही, त्याच्या घरी तेराव्यापर्यंत माणसंच माणसं होती. सुरतेची मुलगी सासूला शेजाऱ्यांवर टाकून आली. माझे चुलत भाऊ आले. कुठकुठल्या वाड्यांतून बायका आल्या आणि त्यांनी आत्याला आळीपाळीने भरवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली. आत्या त्या सगळ्यांना "आज काय कार्य आहे?" असं विचारत होती. ओटीवर ती फळी ठोकलेली खुर्ची होती, तिच्यावर भटजी बसले. मला वाटलं, आतोबा कुठूनतरी हे बघून पोट धरून हसत असतील. मग पोट हा शब्द मनात आला आणि मला रडू कोसळलं. तेरावं झालं आणि सगळे आपापल्या म्हाताऱ्यांकडे परत गेले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाच्या घरी एक दार आहे आणि दारात कुणीतरी उभं आहे.

आता मीच चिखल्याला राहायला आलोय. मुख्याध्यापकांच्या विनवण्या करून सकाळचं सत्र मागून घेतलं. सकाळी लक्षी बघते, दुपारी मी तलासरीहून येतो आणि आत्याला घेऊन थांब्यावर उभा राहतो. काठी केळीलाच टेकलेली आहे, क्रेट अजून खुर्चीतून रस्त्यावर येतात. मला अजून सवलत लागू नाही, म्हणून मी माझं तिकीट काढतो. चिकू द्यायला मात्र विसरत नाही. आत्या मला शेजारी बसू देत नाही. पहिल्या दिवशी मी बसायला गेलो तर तिने त्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे नको. इथे एक माणूस बसतो." मी मागच्या बाकावर बसतो. ती जागा भरलेल्या गाडीतही रिकामीच असते. कोळणी उभ्या राहतात, पण बसत नाहीत.

बोर्डी गेली की ती अस्वस्थ होते. सुरूची झाडं दिसायला लागली की खिडकीला कपाळ टेकवून मागे बघते आणि हाक मारते, "थांबव रे. तो माणूस राहिलाय." तिथे थांबा नाही. पण बीडचा कंडक्टर असेल तर तो एकदा घंटी मारतो आणि गाडी थांबते. तो स्वतः दार उघडतो, पायरीवर उतरून उभा राहतो, आणि कुणाला तरी चढायला लागेल एवढा वेळ थांबतो. मग तो वर येतो, "आला, आजी, चला," म्हणतो आणि दोनदा घंटी मारतो, आणि आत्या शेजारच्या जागेकडे न बघता तिकीट मुठीत धरून घरी जायला निघते.